पहिला पोहरा परक्याचा

मी दगड बोलतोय. हो, दगडच, दचकू नका. बेथ-हारूब गावच्या वेशीबाहेर विहीर आहे. तिच्या काठाशी गुडघाभर उंचीचा एक खुंट उरलाय, तो मी. शेळ्या माझ्यावर पाठ घासतात. वाटसरू वहाणेतला खडा काढायला टेकतात आणि आपल्या वाटेनं निघून जातात. पूर्वी मी पुरुषभर उंच होतो. मधली काही वर्षं तर मी देवसुद्धा होतो.

देव होण्यासारखं एकटेपण दुसरं नाही, हे मी अनुभवानं सांगतो. तुम्ही म्हणाल, रोज तेल, रोज दिवा, बायाबापड्यांची रीघ, आणि म्हणे एकटा! अहो, रीघ होती, पण सगळे मागायला यायचे. ‘पाऊस दे, मुलगा दे, शेजाऱ्याचा बैल मरू दे.’ मी इथे का उभा आहे, हे मात्र कुणी विचारत नव्हतं. तेच तर सांगायचंय मला. वेळ असेल तर बसा जरा सावलीला.

माझा जन्म त्या समोरच्या टेकडीवरचा. किती काळ तिथे पडून होतो कोण जाणे. पाली अंगावर ऊन खायच्या, मेंढ्या चरून जायच्या. मी कुणाच्या अध्यात ना मध्यात. मग टेकडीखाली येशेर नावाचा माणूस आपला कुटुंबकबिला घेऊन राहायला आला आणि माझं आयुष्य बदललं.

माणसं मेहनती होती, पण पाणी नव्हतं. पावसाचं साठवलेलं पाणी उन्हाळ्याच्या आधीच आटायचं. अशा एका कोरड्या वर्षी शोबाल नावाचा मवाबी, म्हणजे शेजारच्या मवाब देशातला माणूस, बायकोला, लहान पोरीला आणि चार शेळ्यांना घेऊन त्या वाटेनं चालला होता. त्याला जमिनीची नस कळायची. सकाळी सकाळी तो जमिनीला गाल लावून पडायचा आणि म्हणायचा, “इथे आहे.” गावातले हसले. एक जण म्हणाला, “मवाब्याचं ऐकून आता खड्डे खणायचे का?”

येशेर म्हणाला, “तहान मवाबी असते की आपली, सांग बघू आधी.”

खणायला सुरुवात झाली. शोबाल सगळ्यात खाली, बाकीचे वर माती ओढायला. पाणी लागलं तेव्हा खालून त्याची आरोळी आली, आणि त्या आरोळीमागोमाग बाजूची दरड त्याच्या अंगावर कोसळली. त्याला बाहेर काढलं तेव्हा तो गेलेला होता. त्याची बायको नामा कडेवरची पोर घेऊन काठावर बसली होती. रडतही नव्हती. येशेरनं विहिरीचा पहिला पोहरा काढला, आणि त्याच्या घरच्यांचे ओठ तहानेनं फुटलेले असतानाही तो नेऊन तिच्या ओंजळीत ओतला.

दुसऱ्या दिवशी माणसं टेकडीवर आली. दोर बांधून त्यांनी मला खाली ओढलं. कुणीतरी म्हणालं, “जरा घडवून घेऊ या, चेहरा तरी नीट दिसेल.” येशेर खेकसला, “लोखंड लावायचं नाही त्याला! चेहराबिहरा काही नको. आपल्याला मूर्ती नकोय, साक्षीदार हवाय.” मग त्यानं माझ्यावर हात ठेवला. तो हात मला अजून आठवतो, मातीनं भरलेला.

तो म्हणाला, “परमेश्वर ऐकतोय आणि हा दगड ऐकतोय. मिसर देशात आपले वाडवडीलही परकेच होते. या विहिरीचा पहिला पोहरा परक्याचा. मग विधवेचा, मग पोरक्याचा, मग आपला. आपली लेकरं विसरली, तर हा दगड त्यांच्याविरुद्ध साक्ष देईल.”

आहाहा! काय सांगू तुम्हाला, कुणाच्या खिजगणतीत नसलेला मी, मला एकदम काम मिळालं.

पुढे दरवर्षी जवाच्या कापणीच्या पहिल्या दिवशी गाव विहिरीवर जमायचं. सगळ्यात लहान, नुकतं धड बोलायला लागलेलं लेकरू माझ्यासमोर उभं राहायचं आणि विचारायचं, “हा दगड इथे का?” गावातला सगळ्यात म्हातारा माणूस त्याला उत्तर द्यायचा. शोबालची गोष्ट, नामाची गोष्ट, शपथ, सगळं पहिल्यापासून. मग पोहरा काढायचा आणि वाटेवर जो परका पहिला दिसेल त्याला पाजायचा. त्याच्यानंतर जेवण. मसुरीची आमटी, ताजी भाकर, अंजिरं. नामा आणि तिची लेक पहिल्या पंगतीला.

सगळं छान चाललं होतं. बिघडलं ते कुणाच्या पापानं नव्हे, भुकेनं.

त्या वर्षी प्रश्न विचारायला अर्दोन नावाचं पोरगं होतं. त्याचे आजोबा गावात सर्वांत म्हातारे. तरुणपणी त्यांनी मला ओढणारा दोर धरला होता. त्यांनी गोष्ट अगदी रंगवून सांगितली. पोहरा काढला. आणि वाटेवर परका माणूस दिसेना. दुपार झाली, ऊन चटकायला लागलं. आमटी निवली. पोरं रडायला लागली. तेव्हा अर्दोनचा काका म्हणाला, “किती वेळ बसायचं असं? शपथ या दगडासमोरच घेतली होती ना? मग ओता की दगडावर! एकच ते.”

आजोबा म्हणाले, “एकच नाही रे.” पण त्यांनाही भूक लागली होती. 

पाणी माझ्या डोक्यावर ओतलं गेलं. गारगार होतं. अंगावरून वाहून ते मातीत जिरलं, कुणाच्याच कामी न येता.

आणि नशीब बघा, त्या वर्षी पाऊस उत्तम झाला! झालं. पुढच्या वर्षी कुणी वाटेकडे बघितलंच नाही, थेट माझ्यावर ओतलं. लेकरानं विचारलं, “हा दगड इथे का?” कुणीतरी म्हणालं, “पाणी ओतायला. चल, हात धू, जेवायला बस.” नंतर एका बाईच्या मुलाचा ताप उतरला, तिनं जैतुनाचं तेल आणून मला माखलं. दुसरीनं दिवा लावला. तिसरीनं बेदाण्यांची वडी ठेवली. मग प्रश्न विचारणंही थांबलं, कारण देवाला ‘तू इथे का’ असं कोण विचारतं? मला नावही मिळालं, विहिरीचा बआल. बआल म्हणजे धनी. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही म्हणतात. मला तर एक ओरखडाही न पडता आलं.

हे लोक परमेश्वराला विसरले होते का? मुळीच नाही. त्याचे सण करायचे, त्याच्या नावानं शपथा घ्यायचे. वर माझ्याकडेही येऊन जायचे, एखादं दार बंद निघालं तर दुसरं उघडं असावं म्हणून. पण मी बघत होतो. जसजसा माझ्यावर तेलाचा थर चढत गेला, तसतशी वाटसरूची घागर रिकामी जायला लागली. आधी परक्याला शेवटी पाणी मिळायचं. मग उरलं तर मिळायचं. मग अर्दोनचा मुलगा शेमेद माझा पुजारी झाला आणि त्यानं नवाच नियम काढला, परक्या हाताची घागर विहिरीत गेली की धन्याला विटाळ होतो.

मला विटाळ! मवाब्याच्या रक्तावर उभ्या असलेल्या मला!

तेव्हा गावात शोबालच्या वंशातली एक बाई राहत होती, होग्ला. नामाच्या लेकीची नात. इथेच जन्मलेली, इथलीच भाषा बोलणारी, पण गावानं तिला मवाबीणच ठरवलेलं. नवरा मेला होता. घरात अंथरुणाला खिळलेली म्हातारी आई. होग्ला फटकळ होती, कुणाचं ऐकून घ्यायची नाही. पाणी भरणाऱ्या बाया तिला टोचायच्या, “काय गं होग्ले, आज पण ओहोळालाच का?” ती म्हणायची, “हो ना! बेडकं विटाळ मानत नाहीत, म्हणून बरं चाललंय.”

मग अवर्षण पडलं. विहिरीचं पाणी खूप खाली गेलं. ओहोळात नुसता चिखल राहिला, आणि ते पाणी पिऊन होग्लाची आई आजारी पडली. पोटात काही ठरेना. एका सकाळी होग्ला वेशीत, पंचांसमोर जाऊन उभी राहिली. वेस माझ्यापासून हाकेच्या अंतरावर. शब्द न् शब्द ऐकू येत होता.

“काकांनो, आई चाललीय हो. विहिरीची एक घागर द्या. तिच्यापुरती.”

शेमेद म्हणाला, “दिली असती गं, मी काय वैरी आहे का तुझा? पण धनी रागावलाय. बघतेस ना पाणी कुठे गेलंय? त्यात परकी घागर बुडवली तर सगळं गाव तहानेनं मरेल.”

“परकी? माझ्या पणजोबानं खणलीय ती विहीर. तळाशी जीव गेलाय त्याचा.”

एक जण हसला. “घ्या! आता विहीरही मवाबी झाली!”

होग्ला माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, “तो दगड पूजेला उभा केलेला नाही. साक्षीला केलाय. पहिला पोहरा परक्याचा, अशी येशेरबाबांची शपथ आहे. आजीनं आईला सांगितलं, आईनं मला.”

“म्हणजे एकाच घरचं तोंड,” पंच म्हणाले. “दोन साक्षीदार असल्याशिवाय आपल्यात गोष्ट ठरत नाही, माहीत आहे ना?”

“एक तुमच्या तेलाखाली उभा आहे. आणि दुसरे हे अर्दोनआजोबा.” ती म्हाताऱ्याकडे वळली. आता तो गावात सर्वांत वडील होता. “आजोबा, ज्याला खरं उत्तर मिळालं तो शेवटचा प्रश्न तुम्ही विचारला होतात. माझी आजी तिथेच होती. तुमच्या आजोबांनी काय सांगितलं तेवढंच सांगा. जास्त नको.”

 मी तर, खरं सांगतो, आनंदून गेलो होतो. इतक्या वर्षांनी कुणीतरी बोलणार होतं! मला जे बोलता येत नाही ते अर्दोन बोलणार होता. तो उठून उभा राहिला. त्यानं मुलाकडे पाहिलं. शेमेदचं घर त्याच तेलावर, त्याच वड्यांवर चाललं होतं. म्हाताऱ्याच्या ताटातला घाससुद्धा त्यातलाच. अर्दोन वहाणेकडे बघत म्हणाला, “पोरी, मी एवढासा होतो गं. मला काही आठवत नाही.”

आणि खाली बसला.

खोटं बोलला तो. येता-जाता माझ्यापुढे मान झुकवणारा माणूस, त्या दिवशी त्यानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. दगडालाही पाझर फुटतो म्हणतात. मला पाझर नको होता हो, वाचा हवी होती. एकच वाक्य बोलायचं होतं.

होग्लाची आई त्याच आठवड्यात गेली. तिला पुरून होग्लानं दोन शेळ्या सोडल्या, गाठोडं बांधलं आणि ती वाटेला लागली. माझ्यापाशी येऊन थांबली. मला वाटलं, आता ही मला शिव्या देईल, थुंकेल. थुंकली असती तरी चाललं असतं. पण तिनं ओढणीच्या टोकानं माझ्यावरचं तेल पुसायला सुरुवात केली. एवढे थर होते, निघतात कुठे! तळहाताएवढी जागा मोकळी झाली, तिथे तिनं हात टेकला.

“तुला तोंड नाही,” ती म्हणाली. “तुझ्यावर कसला राग धरायचा? त्यांना तोंड होतं.”

येशेरनंतर मला दगड म्हणून हात लावणारं दुसरं माणूस ते. ती गेली आणि मी पुन्हा देव झालो.

पुढे कित्येक वर्षांनी यरुशलेमेहून राजाचा हुकूम आला, गावोगावचे उभे दगड, खांब, मूर्ती फोडून टाका, परमेश्वर एकच. घण घेतलेली माणसं गावात शिरली. बायांनी चिमुकल्या मातीच्या मूर्ती धान्याच्या रांजणात लपवल्या. आणि शेमेद? तो हात जोडून सांगत होता, “मी तर केव्हाचा म्हणत होतो, काढून टाका! पण माझं ऐकतं कोण?”

मला भीती वाटली नाही. उलट वाटलं, चला, आता तरी यांचा मुकादम विचारेल, बाबांनो, हा दगड इथे का? तो माझ्याभोवती एक चक्कर मारून आला, तेल बघून त्यानं नाक मुरडलं आणि म्हणाला, “फोडा.”

पुजणाऱ्यांनी विचारलं नव्हतं, फोडणाऱ्यांनीही विचारलं नाही. घण बसले. माझा वरचा भाग चुनाभट्टीत गेला. आता कुणाच्या तरी भिंतीला लागला असेल. होग्लानं पुसलेली जागाही त्यातच गेली. उरलो तो हा खुंट.

घणवाले गेल्यावर अर्दोन काठी टेकत आला. फार म्हातारा झाला होता. माझ्याशेजारी मातीत बसला आणि त्यानं लहान पोरासारखा आवाज काढून विचारलं, “हा दगड इथे का?” मग आपणच उत्तर द्यायला लागला. शोबाल, नामा, शपथ, भूक, निवलेली आमटी, काका. एक शब्द चुकला नाही. शेवटी म्हणाला, “सगळं आठवत होतं रे मला. सगळं.” आणि मग रडला. मी ऐकून घेतलं. दुसरं काय करणार?

दुसऱ्या दिवसापासून तो पहाटे सगळ्यांच्या आधी यायचा, पहिला पोहरा काढून एक मातीची घागर भरायचा आणि माझ्यावर ठेवून वाट बघत बसायचा. वाटेनं कुणी परकं आलं की हाक मारायचा, “या हो, तुमचंच आहे!” गाव म्हणायचं, म्हाताऱ्याला चळ लागलाय. प्रत्येक बाईच्या तोंडाकडे तो निरखून बघायचा. ज्या तोंडाची वाट बघत होता ते काही आलं नाही, आणि एका हिवाळ्यात अर्दोन मेला.

त्याची आठवण म्हणून शेमेदची सून रोज घागर भरून माझ्यावर ठेवू लागली. चांगली पोर, मनानं ठेवायची. पण कुणासाठी ठेवायची, ते सासऱ्यानं तिला कधी सांगितलंच नव्हतं. काही दिवसांनी कुणीतरी घागरीपाशी अंजिरं ठेवली. एका बाईची हरवलेली शेळी सापडली, त्या बाईनं घागरीच्या काठाला लोकरीचा धागा बांधला. मग एका संध्याकाळी दिवा आला. मी मनात कपाळावर हात मारला. पुन्हा पहिले पाढे पंचावन्न! एक तहानलेला उंटवाला घागरीकडे हात करायला गेला, तर बाया ओरडल्या, “शिवू नकोस! अर्दोनबाबांची आहे ती!” बिचारा तसाच गेला.

त्यानंतरच्या उन्हाळ्यातली गोष्ट. भर दुपारी दक्षिणेच्या वाटेनं एक म्हातारी आली. केस पांढरे, पाय धुळीनं भरलेले. माझ्यापाशी थांबली, वाकली आणि तिनं तुटलेल्या कडेवर तळहात टेकला. मी ओळखलं. चेहऱ्यानं नव्हे, हातानं.

मग तिनं लोकरीचा धागा बाजूला सारला आणि घागर उचलली.

“ए बाई! ठेव ती खाली!” शेमेदची सून धावत आली. “बाबांची घागर आहे ती!”

“कोणत्या बाबांची?”

“अर्दोनबाबांची. ते स्वतः भरायचे रोज.”

म्हातारी थबकली. “रोज? कुणासाठी?”

 तेवढ्यात शेमेद काठी उगारत आला. तोही आता थकला होता. जवळ आला आणि काठी तशीच हवेत राहिली.

“होग्ला?”

“आठवतंय म्हणायचं तुला,” ती म्हणाली. “तुझ्या बापालाही आठवत होतं का रे?”

शेमेदनं काठी खाली घेतली. मान खाली घालून म्हणाला, “सगळं. मेला तेव्हाही तुझंच नाव घेत होता.”

 होग्लानं घागर तोंडाला लावली. सून म्हणाली, “अहो मामंजी, अडवा ना तिला!” शेमेद म्हणाला, “पिऊ दे. तिचंच आहे ते.” सुनेनं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाली, “म्हणजे? हा दगड इथे कशासाठी आहे मग?”

इतक्या वर्षांनी कुणीतरी विचारलं.

शेमेदनं त्या दिवशी तिला काय सांगितलं, किती सांगितलं, ते सांगत बसत नाही. बापाइतकं त्याला ठाऊक नव्हतं. मधेमधे होग्लाच सांगत होती. उद्या ती सून आपल्या लेकराला सांगेल की पुन्हा दिवाच लावेल, मला ठाऊक नाही. मी एक खुंट, मला पुढचं कुठून दिसणार? होग्ला तर संध्याकाळच्या आत निघूनही गेली. थांब, असं तिला कुणी म्हटलं नाही. मी पुन्हा एकटा आहे. एवढंच मागतो, तुमच्या वाटेवर असा एखादा तेलकट दगड उभा असेल, तर त्याच्यापुढे वाकण्याआधी आणि त्याला फोडण्याआधीही जरा विचारा, तो तिथे का आहे ते. एखाद्या म्हाताऱ्याला आठवत असेल.

त्या दुपारी मात्र होग्लानं घागर तळापर्यंत रिकामी केली, उपडी करून माझ्यावर ठेवली, आणि माझ्या अंगावर पाण्याचा एक थेंबही सांडला नव्हता.